साखळीचं मागचं टोक

रेडिओबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण त्याच्याविषयी तुला नक्की काय माहीत आहे, असं कोणी विचारलं तर माझी पंचाईत होईल. आम्ही दोघांनी नोकरीची बहुतेक वर्षं एकाच मोजणीखात्यात, एकाच साखळीवर काढली. लोकांना वाटतं, इतका सहवास म्हणजे एकमेकांची नस न् नस ठाऊक असणार. साखळीवरचा सहवास कसा असतो ते त्यांना माहीत नसतं.

जमीन मोजायची साखळी लोखंडी कड्यांची असते. एक जण पुढचं टोक घेऊन चालतो, दुसरा मागचं टोक खुंटीवर दाबून धरतो. पुढच्याने सरळ रेषा सोडू नये म्हणून मागचा ओरडून सांगत राहतो, डावीकडे, अजून थोडा, बस. बस म्हटलं की पुढच्याने सळई रोवायची आणि निघायचं. मी पुढचा, तो मागचा. म्हणजे दिवसभर त्याला माझी पाठ दिसे आणि मला तो दिसतच नसे. मला त्याचा आवाज माहीत होता, तोही एवढ्या दोन-तीन शब्दांपुरता. जेवायला बसलो की तेवढेसुद्धा शब्द बंद.

त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. आधी बंद रेडिओ म्हणत, मग त्यातला 'बंद' गळून गेला. मला पुढारी म्हणत, साखळीच्या पुढे असतो म्हणून. ह्या पुढाऱ्याला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, हे सगळ्या खात्याला ठाऊक असल्यामुळे ते नाव जास्तच चिकटलं.

तो गेला तेव्हा त्याच्या घरी भेटायला गेलो. त्याची मुलगी म्हणाली, काका, तुम्ही सगळ्यात जास्त ओळखता बाबांना, काहीतरी सांगा ना. मी मान हलवली, पुढ्यातला चहा संपवला आणि उठून आलो. सांगण्यासारखं माझ्यापाशी एकच आहे, आणि ते दोन वाक्यांत सांगता येत नाही.

त्या वर्षी जंगलातून एक रस्ता काढायचा होता. आदल्या हंगामात दुसऱ्या तुकडीने ओळ आखून ठेवली होती. जंगलात ओळ आखतात म्हणजे झाडी तोडून सरळ पट्टा मोकळा करतात आणि थोड्या-थोड्या अंतरावर झाडाला फडकं बांधतात. लाल फडकं म्हणजे कायम ओळ, तिच्यावरून जा, ती तुम्हाला रस्त्यापर्यंत नेणार. पांढरं फडकं म्हणजे रद्द ओळ. आखून बघितली, जमली नाही, सोडून दिली. रद्द ओळीवर पाऊल ठेवायचं नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, कारण ती कुठल्याही कड्यापाशी नाही तर दरीच्या तोंडाशी अचानक संपते. खात्यातला एक म्हातारा शिपाई अशा ओळीवर जाऊन अडकला होता, त्याची गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ऐकवली जायची.

आम्हा दोघांना साहेबांनी एक आडबाजूचा तुकडा मोजायला पाठवलं. कायम ओळीपासून पूर्वेला, एका झऱ्यापर्यंत. जाऊन मोजायचं आणि आपल्याच खुंट्यांवरून परत यायचं, इतकं सोपं काम. बरोबर साखळी, सळया, कोयता, पाण्याचा कॅन आणि जेवणाची पिशवी. होकायंत्र साहेबांकडे. दोन साखळीवाल्यांना होकायंत्र कोण देतो?

उन्हाळ्याचे दिवस होते, गवत वाळून खडखडीत झालेलं. झऱ्यापाशी पोचलो तर मागून धूर. वणवा कोणी लावला की आपोआप लागला, कळलं नाही. जिकडून आलो ती सगळी बाजू पेटली होती, खुंट्यांसकट. वारा आमच्याकडे. आम्ही पळालो. समोर दाट झुडपं होती, मी पुढे होतो, कोयत्याने सपासप वाट करत सुटलो. त्यातली काही झुडपं चिकाची होती. घाईत कोण बघतंय? एका घावासरशी पांढरा चीक उडाला तो थेट दोन्ही डोळ्यांत.

ते दुखणं कसं होतं ते लिहायच्या भानगडीत मी पडत नाही. मी खाली बसलो आणि मला उठवेना. रेडिओने मला बखोटीला धरून ओढत कुठेतरी खडकावर नेलं. तिथे गवत नव्हतं म्हणून वाचलो. आगीचा आवाज बाजूने निघून गेला. मग त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं, पापण्या बोटांनी उघडल्या आणि कॅनमधलं पाणी डोळ्यांत ओतायला सुरुवात केली. पाणी गळ्यावरून शर्टात जातंय हे कळल्यावर मी ओरडलो, अरे प्यायला ठेव, काय करतोस. त्याने ओतायचं थांबवलं नाही. कॅन हलका झाल्याचं मला आवाजावरून कळलं. जेवणाची पिशवी कुठे पडली ते दोघांनाही माहीत नव्हतं.

डोळे उघडले तरी काही दिसेना. भगभगीत लाल, मग काळं.

त्याने विचार करून सांगितलं की जळालेल्या बाजूने परत जाता येणार नाही, अजून धग आहे. पण कायम ओळ उत्तरेकडून दक्षिणेकडे अख्ख्या जंगलातून गेली आहे. वणव्याला वळसा घालून मावळतीकडे चालत राहिलं तर ती कुठे ना कुठे आडवी येणारच. लाल फडकं दिसलं की दक्षिणेला वळायचं, रस्त्याचं काम चाललंय तिथे माणसं असतील. बरोबरच होतं त्याचं. मीही तेच सांगितलं असतं.

मग आम्ही निघालो, आणि कसे निघालो हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. मी साखळीचं पुढचं टोक घेऊन पुढे झालो आणि तो मागचं टोक धरून मागे. इतक्या वर्षांची सवय. आंधळा पुढे, डोळस मागे, आणि मागून तो सांगतोय, डावीकडे, अजून थोडा. दोघांपैकी एकालाही ह्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मी एका कोरड्या ओढ्यात तोंडावर आपटलो तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तो ओढ्यात उतरला, माझ्या नाकाचं रक्त पुसलं आणि म्हणाला, "आजपासून पुढारी मागे."

साखळीची बरीचशी कडी त्याने गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर घेतली. चार हात मोकळी सोडली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. तो पुढे, मी मागे. नोकरीत पहिल्यांदाच.

साखळी जड असते. मी म्हटलं, टाकून दे, फांदी धरतो. तो म्हणाला, "साखळी माझ्या नावावर आहे. तू नाहीस." थोड्या वेळाने असंही म्हणाला की फांदीला ओढ कळत नाही. ते खरं होतं. साखळीतून मला सगळं कळायला लागलं. तो वळला की कडी वळत, खाली उतरला की टोक जड होई, थबकला की ढिली पडे. आणि तो बोलत होता. दगड. खड्डा. वाक, फांदी आहे. इथे बसून घसर. इतके शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

चढणीवर मी थांबायला लागलो तेव्हा त्याने गोष्ट सुरू केली. त्याच्या बायकोची आणि शेजारणीची. दोघींच्या घरांमध्ये कपडे वाळत घालायची एक दोरी होती आणि ती कोणाची ह्यावरून वर्षभर भांडण चाललं होतं. शेजारीण पहाटे उठून दोरी अडवायची, तर बायको आदल्या रात्रीच ओली चादर टाकून ठेवायची. शेजारणीचा नवरा बिचारा दोघींच्या मध्ये सापडायचा, त्याच्या पायजम्याला तर दोरीवर जागाच मिळायची नाही. रेडिओ हे सगळं धापा टाकत, तुकड्या-तुकड्याने सांगे. चढण संपली की गोष्ट बंद. पुढची चढण लागली की पुढचं प्रकरण. मी एकदा हसलोसुद्धा. ओठ फुटले होते, त्यामुळे हसलो त्याचा पश्चात्ताप झाला.

पाणी वाटेतल्या कोरड्या ओढ्यांमधून मिळालं, वाळू उकरून. तो हातांनी उकरत बसे आणि मी शेजारी बसून आवाज ऐकत असे. कधी वाळू ओली व्हायची, कधी उकरून-उकरून नुसता खडकच लागायचा. खायला काही नव्हतं. कसली तरी फळं त्याने चाखून बघितली आणि थुंकली. माझ्या डोळ्यांतून पू यायला लागला होता आणि पापण्या चिकटत होत्या. रात्री आम्ही पाठीला पाठ लावून पडत होतो, तेवढंच.

मग ओळ लागली. साखळी एकदम ढिली पडली. तो म्हणाला, पट्टा आहे, झाडी तोडलेली आहे. मी विचारलं, "फडकं?"

तो चालत जाऊन पुढचं झाड बघून आला, मग मागचं.

"पांढरं आहे," तो म्हणाला.

"सगळी?"

"सगळी पांढरी."

रद्द ओळ. मी मटकन खाली बसलो. रडलो असेन, पण डोळे असे झाले होते की रडलेलं मलाच कळत नव्हतं. त्याने मला बसू दिलं. तेवढ्यात तो कुठेतरी जरा बाजूला गेला होता, कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. मग तो आला, साखळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला की कायम ओळ आणखी पुढे असणार, रद्द ओळी नेहमी तिच्या आसपासच असतात, चल. मीही हेच म्हटलं असतं. आम्हा दोघांनाही, रद्द ओळीवरून जाऊन बघू, असं मनात आलं नाही. दुसरा कोणीही माणूस, साधा गुराखी, असा मोकळा पट्टा बघून नाचत सुटला असता. आम्हाला पांढऱ्या फडक्याचा अर्थ येत होता.

ओळ ओलांडून आम्ही मावळतीकडे चालत राहिलो.

त्यानंतरचं जंगल वाईट होतं. म्हणजे मला काय दिसत होतं, पण साखळीवरून कळत होतं. ओढ सरळ राहिली नव्हती. पाऊल टाकल्यासारखा एक झटका, मग एक हिसका, मग थांबणं. मी विचारलं, पायाला काय झालंय? तो म्हणाला, बूट चावतोय. गोष्टीतली शेजारीण आजारी पडली आणि बायको तिच्यासाठी पेज घेऊन गेली. मग दोरीचं काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाला, सांगतो, चढण येऊ दे. पण मग चढण आली तरी सांगेना.

एके ठिकाणी साखळी सुटली. ढिली पडली नाही, सुटलीच. तिचा खळकन आवाज झाला आणि मग काहीच नाही.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मी साखळी हाताने ओढून बघितली तर ती सरपटत माझ्याकडे यायला लागली, तिच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. मी तिथल्या तिथे उभा राहिलो. पाऊल उचलायची भीती वाटत होती. मला वाटलं, गेला. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर केव्हाच गेलो असतो की काय, हे मला आजही सांगता येत नाही. मला एवढंच वाटलं की निदान सांगून जायचं होतं. मी पुन्हा त्याला हाका मारायला लागलो, रेडिओ, रेडिओ, आणि मला त्याचं खरं नाव आठवेना.

"ओरडू नको," तो म्हणाला. अगदी जवळून. "इथेच बसलोय."

आवाज त्याचा होता, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी चाचपडत गेलो. तो जमिनीवर बसला होता. अंगाला हात लागला तर भट्टीसारखं अंग.

"गाठीच्या आत लाल आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, तापात बडबडतोय. मग त्याने हळूहळू सांगितलं. वणव्यातून पळताना एक जळका खुंट त्याच्या बुटातून तळव्यात घुसला होता. मी आंधळा, त्यात आणखी आपलं रडगाणं कशाला, म्हणून त्याने सांगितलं नाही. त्या पांढऱ्या ओळीवर त्याने एका झाडाचं फडकं गाठीसकट कापून घेतलं आणि पायाला गुंडाळलं. आता जखम वाहायला लागली म्हणून ते फडकं जरा लांब करावं, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने गाठ सोडली. गाठीच्या आतल्या घड्या लालभडक होत्या.

ओळ आदल्या हंगामातली होती. पावसाळा गेला, मग सगळं ऊन अंगावर घेत फडकी झाडांवर फडफडत राहिली. रंग उडून पांढरी पडली होती; आम्ही कामाला निघालो तिथली तेवढी साहेबांनी नव्याने बांधून घेतलेली होती. आम्ही कायम ओळीवर उभे होतो, आणि ती ओलांडून पाठ फिरवून निघालो होतो. मोठ्या शहाणपणाने.

तो रडत होता. मला ते साखळीतून कळलं नाही, कानांनी कळलं. मी त्याच्या शेजारी बसलो. मीच विचारलं होतं ना, फडकं कसलं म्हणून. मलाही तेच उत्तर पुरलं होतं.

मी त्याला म्हटलं की तू जा. तुला दिसतंय, फांदीचा आधार घे, लंगडत का होईना पण ओळीपर्यंत पोच, मग दक्षिणेला. मी इथेच बसतो, हलत नाही, माणसं घेऊन ये. मी हे काही मोठेपणा म्हणून म्हटलं नाही. मला आता चालायचंच नव्हतं. बसून राहायला मिळालं तर मला हवंच होतं.

तो मग म्हणाला, "आणि परत येताना तू कुठे आहेस हे मला कोण सांगणार? फडकं बांधू?"

मी म्हटलं, पांढरं बांध.

तो हसला की खोकला, कोणास ठाऊक. मग साखळी खळखळली आणि टोक माझ्या हातात आलं.

परतीबद्दल मला सलग आठवत नाही. उगवतीकडे जायचं होतं. एकदा मी त्याला पाठीवर घेऊन बघितलं. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट असते ना, आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा, एक वाट दाखवतो आणि दुसरा चालतो. आम्ही काही पावलं गेलो आणि दोघेही काट्यांच्या जाळीत जाऊन पडलो. त्याचा पाय माझ्याखाली आला. तो ओरडला नाही, नुसता श्वास ओढून धरला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला की त्या गोष्टीतले ते दोघे जेवलेले असणार. त्यानंतर आम्ही तो प्रयोग केला नाही. त्याने कोयत्याने एक जाड फांदी तोडली आणि काखेत घेतली.

ओळीवर पोचल्यावर त्याने पहिल्याच झाडावरचं फडकं सोडलं. आत लाल. मग दक्षिणेला वळलो आणि मला वाटलं, सुटलो. पण आखलेल्या ओळीला वळण ठाऊक नसतं. माणसांनी, जनावरांनी पाडलेली वाट टेकडीला वळसा घालते, घळ टाळते. ओळ टेकडीवर सरळ चढते, सरळ उतरते, घळीत शिरते आणि समोरच्या कड्यातून वर निघते. मी म्हटलं, घळीला वळसा घालू. तो नाही म्हणाला. एकदा सोडलीय ती, आता सोडायची नाही. घळीत तो बसून, हातांवर सरकत उतरायचा. वर चढताना रांगायचा. मला कसं कळलं? त्याचा आवाज जमिनीलगत यायला लागला होता. दगड. खड्डा. इथे मूळ आहे, धर. दुसरं काही नाही. गोष्ट संपली होती, चढणी संपत नव्हत्या.

कधी कधी आवाजच बंद व्हायचा. मग मी साखळीला हलका झटका द्यायचो, आणि पलीकडून उशिराने एक झटका यायचा. पुढेपुढे तो उशीर वाढत चालला. झटका देऊन थांबलेलो असताना मी जे काही मनात म्हणायचो ते इथे लिहीत नाही. झटका आला की आम्ही आणखी एक झाड पुढे जायचो.

शेवटी कुत्रा भुंकला. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईला साखळीचा आवाज आधी ऐकू आला होता, तिला वाटलं जनावर सुटलं. ती पुढे आली आणि किंचाळली. आम्ही कसे दिसत होतो ते मला माहीत नाही. मला फक्त ऐकू आलं, ते म्हणजे रेडिओने तिला अगदी साध्या आवाजात विचारलेलं, बाई, चहा आहे का. मग साखळी माझ्या हातातून निसटली, कारण तो पडला.

आम्हाला एकाच वॉर्डात ठेवलं होतं, शेजारच्या खाटांवर. माझ्या डोळ्यांवर पट्ट्या. तो आधी तापात बरळत असे, मग त्याला कुठेतरी घेऊन गेले आणि परत आणलं. मी नर्सला विचारलं तर ती म्हणाली, बरे आहेत ते. तोही म्हणायचा, बरा आहे. डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या तेव्हा सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं होतं, पण होतं. मी आधी शेजारी बघितलं. तो वाळून कोळ झाला होता, दाढी वाढलेली. पांघरुणाखाली एका बाजूला पाऊल उंच दिसत होतं. दुसऱ्या बाजूला चादर घोट्याच्या वरूनच सपाट झाली होती.

मी बघत राहिलो. तो म्हणाला, "आलेत ना डोळे? मग उठून ती खिडकी लाव. केव्हापासून डोळ्यांवर ऊन येतंय."

मी उठून खिडकी लावली.

नंतर खात्याने त्याला अवजारांच्या गोदामात बसवलं. साखळ्या द्यायच्या, परत आल्या की कडी तपासून घ्यायच्या. मी पुढेच राहिलो. माझ्या मागे दुसरा माणूस आला, तोही चांगला होता. रेडिओ पुन्हा रेडिओ झाला. त्या दिवसांबद्दल त्याने कोणाकडे चकार शब्द काढला नाही. लोक मला विचारत आणि मी, ह्यालाच विचारा, म्हणून बाजूला होई. तो कुलपात किल्ली फिरवत बसे. असं दोघांनी मिळून ते प्रकरण बुडवलं.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊ लागलो. दोन खोल्या, एक लोखंडी खाट, खाटेखाली त्याचा लाकडी पाय. तो घरात असला की पाय काढून ठेवत असे, म्हणे मोकळं वाटतं. आम्ही फारसं बोलत नसू. वहिनी मात्र बोलक्या. एकदा गप्पांच्या भरात मी त्यांना विचारलं की दोरीचं भांडण शेवटी मिटलं का?

कसली दोरी, त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, शेजारणीबरोबरची. चादर, पायजमा, सगळं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या. त्यांच्या एका बाजूला सुताराचं दुकान होतं आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचं गोदाम. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांना शेजारीण अशी मिळालीच नव्हती. भांडायचं म्हटलं तरी कोणाशी भांडू, म्हणाल्या. मी रेडिओकडे बघितलं. तो खिडकीतून सुताराचं काम बघत होता, जणू आम्ही तिसऱ्याच कोणाबद्दल बोलत होतो.

म्हणजे तेवढं एक मला त्याच्या घरचं माहीत होतं, तेही नव्हतंच. अंगात ताप, पायात तो खुंट, आणि हा माणूस चढणीवर चालता चालता शेजारीण निर्माण करत होता. तिला आजारी पाडलं, पेज पाजली. ती बरी झाली की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. मग त्याचा उरलेला पाय कुरकुर करायला लागला, मग छाती. शेवटच्या महिन्यांत तो खाटेवरच असे. त्या दिवशी गेलो तेव्हा वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या आणि आम्ही दोघेच होतो. मी घरून ठरवून निघालो होतो की आज विचारायचं. इतकी वर्षं जीभ उचलली नव्हती. बसलो, पंखा बघितला, पाणी प्यायलो, आणि मग म्हणालो. म्हणालो की त्या दिवशी मी सांगितलं होतं तसा तू एकटा गेला असतास तर लवकर पोचला असतास. पाय राहिला असता. का नाही गेलास?

 तो माझ्याकडे बघत होता. साखळीच्या मागच्या टोकाला तो असाच बघत असेल, असं तेव्हा वाटलं. मला सांगता येणार नाही, मी कधी वळून बघितलं नव्हतं. त्याचे ओठ हलले. मी खाटेजवळ सरकलो.

"परवा येशील ना," तो म्हणाला, "तर केळी आण. फार पिकलेली नको, तुझ्यासारखी."

"किती?"

"चार पुरेत."

"आणतो," मी म्हणालो.